जहाजमामांची तेरची सहल

ज्या मुलखात घागरभर पाण्यासाठी बायका विहिरीवर एकमेकींच्या झिंज्या धरतात, त्या मुलखात माझ्या मामांनी होडी बांधली. होडी! उस्मानाबाद जिल्ह्यात! आमची तेरणा पावसाळ्यात वाहायची, दिवाळीपर्यंत कशीबशी तग धरायची आणि संक्रांतीला तिच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळायची. पण मामांना कोण सांगणार? गावानं त्यांचं नाव जहाजमामा ठेवलं आणि मामांनीही ते सरकारनं पदवी दिल्यासारखं मिरवलं. कुणी खवचटपणे विचारलं, ‘काय जहाजमामा, विलायतेला कधी निघायचं?’ तर मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, ‘पाणी यिऊ द्या. तुमालाबी न्यीन.’

हे मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. मी पाळण्यात असतानाच माझे वडील गेले आणि आई मला घेऊन माहेरी आली. मामांची पहिली बायको पटकीच्या साथीत गेलेली. त्यामुळं घरात एक विधवा बहीण, एक बिनबायकोचा भाऊ आणि दोघांच्या मध्ये मी, असा आमचा संसार. मामा पूर्वी नांदेडला होते, गोदावरीच्या उतारावर, माणसं नदी ओलांडतात तिथं, निजाम सरकारच्या नाक्यावर कारकून. तिथं त्यांनी नावा पाहिल्या आणि हे वेड डोक्यात घेऊन परत आले. नोकरी सुटली, वेड काही सुटलं नाही. बोलण्यातले सब्र, फिकीर, जबान हे शब्दही तिथलेच. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण समुद्रावर बोलायला लागले की पारावरची माणसं जेवायचं विसरून ऐकत बसायची.

होडी बांधली आमच्या गावच्या सुतारानं. त्या बिचाऱ्यानं जन्मभर बैलगाड्या केलेल्या. मामांनी मातीत काडीनं चित्र काढून दाखवलं, त्यानं मान डोलावली, आणि काही दिवसांनी जी वस्तू तयार झाली ती चाकं काढलेल्या गाडीसारखीच होती. वर पुढच्या टोकाला त्यानं जू बांधायची सोय करून ठेवलेली! मामा म्हणाले, ‘आरं बाबा, ह्ये कशाला?’ सुतार म्हणाला, ‘मालक, बैल न्हाईत व्हय जुपायचे? मंग ती चालंल कशानं?’ सगळं गाव पोट धरधरून हसलं. मामाही हसले. पण ती जागा त्यांनी तासू दिली नाही. ‘त्यानं जीव लावून केलंय, ऱ्हाऊ द्या,’ म्हणाले. असा माणूस! आता अशा माणसावर कोण विश्वास ठेवणार नाही, सांगा मला.

फटींत राळ आणि जवसाचं तेल भरलं तरी ती होडी झिरपायचीच. म्हणून मी लोटा घेऊन आत बसायचं आणि आलेलं पाणी बाहेर फेकायचं, हे माझं काम. मामा उभं राहून बांबूनं रेटायचे आणि मी खाली बसून उपसायचे. गावाजवळच्या डोहात आमच्या अशा किती फेऱ्या झाल्या असतील, गणतीच नाही. आई काठावरून ओरडायची, ‘पोरीला बुडवशील रं!’ मामा तिथूनच ओरडायचे, ‘ही बुडायची न्हाय. ही दुसऱ्याला बुडवंल!’

मामांची दुसरी ख्याती खाण्याची. त्यांना कुणी काही खायला द्यावं आणि त्यांनी नको म्हणावं, असं कधी घडलंच नाही. जेवून उठलेले असले तरी शेजारच्या घरी हात धुवून पाटावर बसायचे. बारसं असो, बारावा असो, ज्वारीची भाकरी आणि ठेचा असो की पुरणपोळी असो, मामांचा घास सारखाच. ‘पुढं आलेल्या ताटाला न्हाय म्हनू नये, आन्नाची हाय लागती,’ हे त्यांचं ब्रीद. एकदा कुणाच्या मयतीनंतर भेटायला गेले, तर तिथंही इतकं मन लावून जेवले की रडून रडून डोळे सुजलेल्या त्या घरच्या बाईनं पदर खोचला आणि आणखी एक भाकरी टाकली. लोक हसायचे, पण चार घरच्या बाया मामांची वाट बघायच्या हेही खरं. त्या साली नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या तेर गावी त्यांचं जाणं-येणं वाढलं होतं. काम काय ते सांगायचे नाहीत. मात्र आले की तिथल्या कुठल्याशा घरच्या शेंगाच्या पोळीचं वर्णन सुरू. ‘आक्का, आतलं सारन काय सांगू तुला! जिभंवर ठिवलं की गेलंच.’ आई ऐकायची आणि चुलीतली लाकडं उगीच पुढंमागं करायची.

लिहायला-वाचायला मला मामांनीच शिकवलं. नदीकाठच्या ओल्या वाळूत होडीच्या बांबूनं हे एवढं मोठं अक्षर काढायचे आणि मला त्यावरून चालायला लावायचे. आधी मराठी, मग उर्दू. गावात मुलींना शाळा नव्हती. मुलींची मराठी शाळा म्हणजे सोलापूरला, इंग्रजांच्या राज्यात. तामलवाडीच्या पुढं हद्द ओलांडली की दुसरं राज्य, दुसरे शिपाई, दुसरी नाणी. तिथं मुलींना राहायची सोय आहे, हे मामांनीच कुठूनतरी काढलं. आणि एक दिवस मला पुढ्यात बसवून म्हणाले, ‘सुंदे, दिवाळी झाली की तुला सोलापूरला घालतो. म्या जबान देतो.’ अगंबाई, मला तर आकाश ठेंगणं झालं! मी गावभर सांगत सुटले. दोन परकर, पाटी आणि कंगवा असं गाठोडं बांधून उशाला घेऊन झोपायला लागले. लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं, तर मी उजेड असेतोवर ओसरीवर बसून सापडेल तो कागद वाचून काढायची. सोलापूरच्या मुलींपुढं हसं व्हायला नको म्हणून.

दसरा झाला. परतीच्या पावसानं त्या साली नदीला भरपूर पाणी होतं. मामा म्हणाले, ‘सुंदे, उद्या सहल. होडीनं तेरला जायचं. तिथं थोडं थांबायचं, मंग आनखी खाली जायचं. पुढच्या गावात आपली गाडी यिऊन थांबंल. होडी गाडीवर घालायची आन् रस्त्यानं घरी.’ प्रवाहाविरुद्ध वरच्या अंगाला परत यायचं त्या होडीच्या नशिबात नव्हतं, म्हणून ही युक्ती. ‘आन् तेरात तुला पान्यावर तरंगनारी वीट दावतो,’ असंही म्हणाले. मी म्हटलं, ‘वीट कुठं तरंगती का, मामा? थापा मारू नका.’ तर म्हणाले, ‘तुज्या मामाची होडी तरंगती, मंग वीट का न्हाय?’

सकाळी आईनं मला नवी खणाची चोळी घातली, वेणी घातली आणि स्वतःची पुतळ्यांची माळ काढून माझ्या गळ्यात अडकवली. मी म्हटलं, ‘आई, लोट्यानं पाणी उपसायला पुतळ्या कशाला?’ ती म्हणाली, ‘गप. सनाचं दिस हाईत.’ एवढं बोलून चुलीकडं तोंड करून बसली ती आम्ही निघेपर्यंत उठली नाही. मला वाटलं, धूर डोळ्यांत गेला असेल.

ती सकाळ मात्र कुणी माझ्याकडून हिरावून घेऊ शकत नाही. दोन्ही काठांना ज्वारी गुडघ्याएवढी झालेली, पाणी गढूळ पण शांत, आणि बाभळीच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या की मामा ओरडायचे, ‘डोस्कं!’ आणि आम्ही दोघं एकदम वाकायचो. काठाकाठानं पोरं धावत यायची आणि बोंबलायची, ‘गाडी व्हाऊन चालली, गाडी!’ धुणं धुणाऱ्या बाया पिळा तसाच हातात धरून बघत राहायच्या. एका गावाजवळ मामांनी होडी काठाला लावली, तर एका माळणीनं आम्हाला काकड्या दिल्या आणि मामांनी तिथंच उभ्याउभ्या सगळ्या फस्त केल्या. मग तेरच्या गोष्टी. ‘तेर म्हंजे काय समजलीस? पार जुन्या काळी हितला माल गाड्या भरून समुद्रापतुर जायचा, आन् तिथनं जहाजानं परमुलखात. आपन जातोय ना, त्ये जहाजांच्या आजोळाला जातोय.’ मी पाणी उपसत ऐकत होते. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं की देव कुठं आहे, तर मी बांबू धरून उभ्या असलेल्या त्या माणसाकडं बोट केलं असतं.

उन्हं डोक्यावर यायच्या आत तेर आलं. काठाला उतरलो. गावाच्या कडेला जुनी पांढरी टेकाडं आहेत, पावसानं माती धुपली की पोरं तिथं मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वेचतात. मामांनी तिथून एक विटेचा तुकडा शोधून काढला, हातात घेऊन फुंकर मारून माती उडवली आणि नदीच्या कडेला पाण्यावर अलगद ठेवला. तरंगला हो! काळोखात दिवा सोडावा तसा डुलत डुलत चालला. मी टाळ्या पिटल्या. मामा म्हणाले, ‘आता तरी पटलं? तुजा मामा थापा मारत न्हाय.’ आणि मला पटलं. जो माणूस वीट तरंगते म्हणतो आणि ती तरंगवून दाखवतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर शंका कशाला घ्यायची?

मग मामा म्हणाले, ‘चल, घोटभर पाणी पिऊन येऊ. वळखीचं घर हाय.’ घर चांगलं होतं, दारात बैल, ओसरीवर धान्याची पोती. आत गेलो तर पाच-सहा बाया पाटावर, जाजमावर बसलेल्या. त्यांतल्या एक ठसठशीत कुंकवाच्या बाई मला बघून म्हणाल्या, ‘ये बाय, बस अशी माझ्याजवळ.’ मी बसले. एक मुलगी, मुलगी कसली, वीस-बाविशीची बाई, डाव्या पायानं किंचित लंगडत आतून आली. तिनं मामांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि ताटात शेंगाच्या पोळ्या, वर तूप. वास असा सुटला, की ज्या पोळ्यांबद्दल मी वर्षभर ऐकत होते त्या याच, हे मला सांगावं लागलं नाही. ती तिथंच दाराला धरून उभी राहिली. तिचं नाव गिरजा.

आणि मामा म्हणाले, ‘नको.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ठसठशीत बाई म्हणाल्या, ‘आवं घ्या की. उन्हातनं आला तुमी.’ मामा मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते. ‘न्हाय. मला चालत न्हाय.’ ‘निदान पाणी तरी!’ ‘पाणीबी नको.’ मामांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. नदीभर बांबू रेटून ओठ सुकले होते. मी हसून म्हटलं, ‘मामा, बरं न्हाय का तुमाला?’ कुणी हसलं नाही.

आमच्या गावात एक म्हातारे होते. त्यांची लेक दोन गल्ल्या सोडून दिलेली. ते तिच्या दारावरून जायचे, ओसरीवर टेकायचे, नातवाला खेळवायचे, पण उन्हाळ्यात जीव कासावीस झाला तरी तिच्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. चालत विहिरीवर जायचे. लेक दिली त्या घरचं पाणी बापानं पिऊ नये, असा आमच्याकडचा जुना रिवाज. मला बाप नव्हता. माझ्या बापाच्या जागी मामा होते. मी त्या तांब्याकडं बघितलं, मग माझ्या नव्या चोळीकडं, गळ्यातल्या पुतळ्यांकडं. सोलापूर नव्हतं. शाळा नव्हती. मला या घरात देऊन झालं होतं. हे मला कुणी सांगितलं नाही, मामांच्या कोरड्या ओठांनी सांगितलं.

एवढ्यावर थांबतं तर बरं. पण त्या ठसठशीत बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘लेक दिली तुमी, ह्ये खरं. पर लेक घेतलीबी की आमची! जावयाला कसली आडकाठी? सासुरवाडीचं समजून घ्या.’ दाराजवळच्या गिरजेनं मान खाली घातली. मामांनी तिच्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते तेव्हाही मला कळलं, लहान होते तरी. मग त्यांनी हात पुढं केला, तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्यायले आणि पोळीचा तुकडा मोडला.

साटंलोटं! त्यांची लंगडी म्हणून घरात राहिलेली लेक मामांना, आणि त्या बदल्यात मामांची भाची त्यांच्या मुलाला. एक दिली तरच दुसरी मिळणार. मामांनी नको म्हटलं तेव्हा कळलं की मी दिली गेले, आणि मामा जेवायला लागले तेव्हा कळलं की कशासाठी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणारा हात कुणाचा, तर ज्यानं वाळूत मला अक्षरं शिकवली त्याचा.

मी मोठ्यानं म्हटलं, ‘मला सोलापूरला जायचंय.’ बायांनी एकमेकींकडं बघितलं. मग एक म्हातारी खुदकन हसली, ‘जाशील की माय. नवऱ्यासंगं जा, पेठ बघून ये.’ सगळ्या हसल्या. कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ आणि खण पडला, तोंडात साखर घातली गेली. पलीकडच्या खोलीच्या दारातून एक मुलगा डोकावला आणि त्याला कुणीतरी मागं ओढलं. मी मामांकडं बघत होते. मामा ताटाकडं बघत होते.

परत होडीत बसलो. मामांनी बांबू हातात घेतला. होडी चालायला लागली आणि तळाशी पाणी जमायला लागलं. मी ओटीतला नारळ मांडीवर घेऊन बसून राहिले. मामा म्हणाले, ‘सुंदे, लोटा उचल.’ मी म्हटलं, ‘न्हाय उचलत.’ पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलं. ‘आगं बुडूत आपन!’ ‘बुडू द्या.’ मग ते स्वतःच वाकले, दोन लोटे पाणी फेकले, पुन्हा उभे राहून बांबू रेटला, पुन्हा वाकले. असं पुढच्या गावापर्यंत. मध्ये एकदा म्हणाले, ‘पोरगा लई चांगला हाय. शेताला पानी हाय. तुला फुलावानी ठिवतील.’ मी म्हटलं, ‘आईला ठावं होतं?’ मामा वाकून पाणी फेकत राहिले. चुलीकडं तोंड करून बसलेली आई मला आठवली. भावाच्या अन्नावर जगणारी ती, तिनं काय तोंड उघडायचं? पण तेव्हा मला एवढी समज कुठली? मला वाटलं, सगळ्या जगानं मिळून माझं गाठोडं सोडून फेकून दिलं.

‘जबान दिली होती तुमी,’ मी म्हटलं.

‘दिली व्हती,’ मामा म्हणाले. ‘त्यांनाबी दिली व्हती.’

‘आधी कुणाला?’

या प्रश्नाला त्यांनी बांबू जोरात रेटला, एवढंच उत्तर.

खालच्या गावाला लागलो. मामांनी होडी चिंचेच्या मुळीला बांधली आणि गाडी आली का बघायला वर गेले. मी उतरले. ओटीतला नारळ होडीत ठेवला. मग मुळीचा दोर सोडला, पाय लावून होडी ढकलली आणि काठावर उभी राहून बघत राहिले. प्रवाहाला लागल्यावर ती गाडीसारखी होडी आधी स्वतःभोवती फिरली, मग सरळ झाली आणि मामांची छत्री, माझा नारळ आणि सुतारानं ठेवलेली ती जुवाची जागा घेऊन वळणाआड गेली. मामा धावत खाली आले. खूप वेळ नदीकडं बघत उभे राहिले. मला मारतील असं वाटलं, आणि खरं सांगते, मारावं असंही वाटलं. ते माझ्याकडं वळून इतकंच म्हणाले, ‘फिटलं आता?’

मी म्हटलं, ‘न्हाय. फिटायचं न्हाय.’

‘बरं,’ म्हणाले आणि गाडीकडं चालायला लागले.

माघात एकाच मांडवात दोन लग्नं लागली. मी तेरला आले, गिरजामामी माझ्या माहेरी गेली. दुसरी होडी मामांनी बांधली नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे, ‘आता मला बायको हाय, होडी कशाला?’ लोक हसायचे. जहाजमामा हे नाव मात्र शेवटपर्यंत टिकलं.

आता माझं खरं दुखणं सांगते. माझं काही वाईट झालं नाही. मामांच्या म्हणण्याप्रमाणं पोरगा खरंच लई चांगला निघाला. रागावला तरी आवाज चढवायचा नाही. मला वाचायचं वेड आहे कळल्यावर बाजारातून येताना पुडीचे कागद जपून आणायचा, पुढं पुस्तकंही आणायला लागला. त्या ठसठशीत सासूबाईंनी मला कधी उपाशी ठेवलं नाही. निजामी गेली, दिवस पालटले, माझ्या लेकी शाळेत गेल्या, थोरली तर मास्तरीण झाली. मामा-मामींचा संसारही दृष्ट लागावी असा. मामी पाण्याला निघाली की मामा मिशी सावरत पुढं होऊन घागर स्वतः उचलायचे, गावानं कितीही नावं ठेवोत. मग मी कधी तोंड उघडलं की आई म्हणायची, ‘वाईट काय झालं गं तुझं?’ नवरा म्हणायचा, लेकी म्हणायच्या. फसवलं गेलेल्या माणसाचं चांगलं झालं, की त्याला रागवायची सोय राहत नाही. पाय मोडला असता तर लोकांनी विचारपूस केली असती. माझं काय मोडलं ते दिसतच नव्हतं. सोलापूरला माझ्या वयाची एक मुलगी शाळेच्या बाकावर बसायची होती, ती कधी बसलीच नाही. तिला कोण ओळखणार? मीसुद्धा तिला पाहिलेलं नाही.

मामा तेरला यायचे, घरचे जावई म्हणून आडवा हात मारून जेवायचे, माझ्या लेकरांना समुद्राच्या गोष्टी सांगायचे. माझ्याशी बोलायचे, मीही बोलायचे. हसायचेही. मामांवर प्रेम करायचं थांबवणं मला जमलं नाही, हा आणखी एक संताप. पण वाढताना मी त्यांच्या ताटात पोळी वरून टाकायची, आग्रह करायची नाही. ते समजायचे. जाताना दर वेळी दाराशी थांबायचे आणि विचारायचे, ‘सुंदे, वाईट झालं का गं तुझं?’ मी म्हणायचे, ‘न्हाय, मामा.’ आणि ते मान हलवून निघून जायचे.

शेवटी मामा अंथरुणाला खिळले तेव्हा मी माहेरी गेले. आई तोवर गेली होती. मामी लंगडत लंगडत आतबाहेर करत होती, त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. तेव्हाही मामा नको म्हणत नव्हते, घास खाली उतरत नव्हता तरी तोंड उघडत होते. मामी भांडं घेऊन आत गेली. मामांनी माझा हात धरला आणि पुन्हा तेच, ‘सुंदे, वाईट झालं का गं तुझं?’

इतकी वर्षं जे ओठांवर येऊन परत जायचं ते त्या दिवशी बाहेर पडलं. मी म्हटलं, ‘न्हाय झालं. लग्नाचं मला काईच न्हाय, मामा. पण तुमी मला इचारलं असतं, का सुंदे, मला ही बाई आवडली, तुला दिल्याबिगर ती मिळत न्हाय, काय करू? तर म्या व्हय म्हणले असते. तुमच्यासाठी म्या सोलापूर सोडलं असतं. हसत सोडलं असतं. एकदा इचारायचं तरी होतं!’

मामांनी नजर आढ्याकडं वळवली. मग हळू आवाजात म्हणाले, ‘ठावं व्हतं मला. तू व्हय म्हनशील ह्येच ठावं व्हतं. म्हनून तर इचारलं न्हाय.’ थोडा दम खाल्ला. ‘व्हय म्हनली असतीस आन् जन्मभर मुकाट बसली असतीस. मंग माझ्यावर चिडायला तरी तुला जागा कुठली ऱ्हायली असती, पोरी?’

हे खरं होतं, की मरताना मारलेली आणखी एक थाप होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मामी पेज गरम करून घेऊन आली. मी तिच्या हातातलं भांडं घेतलं, मामांना भरवायला बसले आणि दोन चमचे भरवल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्याजवळ आता राग उरलेला नाही. एवढ्या वर्षांत माझं म्हणून जे एक होतं, ते मामांनी घेतलं. आणि तेही मला न विचारता.